टायटॅनियम अलॉयच्या बोल्टची क्वालिटी आणि परफॉर्मन्स कसा तपासायचा? मटेरियल सर्टिफिकेट आणि टेन्साइल रिपोर्ट पुरेसा आहे का?

नाही, पुरेसा नाही.

चुंबक लावणं, वजन करणं, ग्राइंडरवर ठिणग्या बघणं हे तुम्ही केलंच असेल, त्यातून फार तर तुकडा टायटॅनियमचा आहे एवढं कळतं, बोल्ट म्हणून तो कसा आहे ते नाही. आणि हो, टायटॅनियमच्या बोल्टवर कोणी 12.9 (बोल्टच्या ताकदीचा क्लास) छापून आणला असेल तर तो तिथेच परत करा. ते क्लास आयएसओ 898-1 मधले आहेत आणि ते स्टँडर्ड फक्त कार्बन आणि अलॉय स्टीलसाठी आहे.

आता मुद्द्याचं. "रिपोर्ट आहे ना, मग अजून काय पाहिजे" हे वाक्य मी एका प्रॉडक्शन हेडच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की तुमचा प्रश्न बघून लिहिल्याशिवाय राहवेना. मी टेस्टिंग लॅबमध्ये काम करते. एकदा एम10, म्हणजे 10 मिमी व्यासाच्या बोल्टचा लॉट आला, ग्रेड 5, म्हणजे तेच नेहमीचं 6 टक्के अ‍ॅल्युमिनियम 4 टक्के व्हॅनेडियमवालं. सर्टिफिकेट स्वच्छ, केमिस्ट्री बरोबर, हायड्रोजन लिमिटच्या आत. हार्डनेस बरोबर. यूटीएमवर, म्हणजे ओढून तोडायच्या मशीनवर, सरळ ओढून बघितले (हीच टेन्साइल टेस्ट), एम10 च्या आट्यांत लोड घेणारं क्षेत्रफळ, म्हणजे स्ट्रेस एरिया, 58 चौरस मिमी, अनील्ड (तापवून हळू थंड केलेल्या) ग्रेड 5 ला किमान 895 एमपीए धरलं तरी साधारण 52 किलोन्यूटन पाहिजेत, सगळे त्याच्या वर गेले आणि आट्यांतच तुटले, म्हणजे जिथे तुटायला पाहिजे तिथेच. ते प्रॉडक्शन हेड साहेब म्हणाले, झालं, लॉट सोडा.

मी एक बोल्ट भिंगाखाली धरला होता. शँक, म्हणजे हेडखालचा दांडा, मशीन केलेला, चकचकीत. पण हेडच्या खालची बाजू आणि हेड जिथे शँकला मिळतं तो गोलाकार कोपरा मात्र मळकट करडा, त्याच्यावर टूल फिरल्याची एक रेघ नाही. मी म्हटलं, वेज टेस्ट केल्याशिवाय सही करणार नाही. वेज टेस्ट म्हणजे हेडखाली तिरकी पाचर ठेवून ओढायचं, त्यामुळे हेडच्या मुळाशी ताणाबरोबर वाकवण्याचाही जोर येतो. त्यावर साहेब, "मॅडम, बोल्ट तिरका कोण लावतं? चांगला माल तोडून फुकट कशाला घालवायचा?" बोल्ट तिरका कोणी लावत नाही, पण ज्या पृष्ठभागावर हेड बसतं तो अगदी काटकोनात असतो असं ज्याला वाटतं त्याने कधी मोजून बघितलेलं नसतं.

पहिल्याच बोल्टचं हेड उडालं. नेहमी टायटॅनियम तुटायच्या आधी थोडं बारीक होतं, इथे काही नाही, टक्कन आवाज आणि हेड गार्डवर आपटलं, लोड मिनिममच्या बराच खाली. तुटलेल्या जागी कडेची रिंग सपाट, मधला भाग खरबरीत. मग न तुटलेल्यातला एक उभा चिरला, प्लास्टिकमध्ये मोल्ड केला, पॉलिश केला, क्रॉलच्या सोल्यूशनने (अ‍ॅसिडच्या मिश्रणाने) एच केला, म्हणजे धातूची रचना दिसेल असा खरवडला, आणि मायक्रोस्कोपखाली कोपऱ्याच्या कडेने पांढरी पट्टी सरळ दिसली, त्या पट्टीतून आत जाणाऱ्या बारीक भेगा. अल्फा केस. हेड उघड्या हवेत गरम करून फोर्ज केलं की ऑक्सिजन पृष्ठभागात मुरतो आणि तो थर कडक पण ठिसूळ होतो. तो मशीन करून किंवा अ‍ॅसिडने काढावाच लागतो. सप्लायरने शँकचा काढला, हेडखालचा तसाच ठेवला. मायक्रो विकर्सने (बारीक जागेचा हार्डनेस मोजायच्या टेस्टने) मोजला तर पट्टी आतल्या धातूपेक्षा कितीतरी कडक.

आणि आधीचे रिपोर्ट खोटे नव्हते हे लक्षात घ्या. हार्डनेस घेताना हेडचा वरचा भाग घासून घेतात, म्हणजे तिथला थर आधीच निघून गेलेला. सरळ ओढताना सगळ्यात लहान सेक्शन आट्यांत, म्हणून तिथेच तुटतो, हेडच्या मुळाला खरी परीक्षा द्यावीच लागत नाही. सर्टिफिकेट तर बारचं, बोल्टचं नाहीच. लॉट परत गेला. साहेब पुढे कितीतरी दिवस सांगत होते की वेज टेस्ट ड्रॉइंगवर नव्हती, माझ्यामुळे डिस्पॅच लटकलं. ड्रॉइंगवर नव्हती हे खरंय. ती ड्रॉइंगवर असायला पाहिजे होती, हेच मी आधीपासून म्हणत होते.

कागदावर विसंबणाऱ्यांना अजून एक, 2024 मध्ये बोइंग आणि एअरबसच्या विमानांच्या पार्टसाठी खोट्या कागदपत्रांवर टायटॅनियम आल्याचं बाहेर आलं आणि अमेरिकेच्या एफएए या विमान सुरक्षेच्या सरकारी संस्थेने चौकशी सुरू केली. विमानाच्या सप्लाय चेनमध्ये हे होत असेल तर तुमच्या लॉटचं काय.

बाकीचं पटकन सांगते. बोल्ट चिरलाच आहात तर आटेही बघा, रोल केलेल्या आट्यांत धातूचे ग्रेन आट्याच्या आकाराने वळलेले दिसतात, कापलेल्यात तुटलेले. फटीगमध्ये, म्हणजे लोड पुन्हा पुन्हा येत राहिला की, दोघांत फार फरक पडतो, हीट ट्रीटमेंटनंतर रोल केलेले सगळ्यात चांगले. भेगांसाठी डाय पेनिट्रंट, म्हणजे भेगेत शिरणारा रंग लावून बघायची टेस्ट; चुंबकावर चालणारी मॅग्नेटिक पार्टिकल टेस्ट इथे चालतच नाही. परफॉर्मन्स म्हणजे मुख्यतः दोन गोष्टी. लोड सेल (जोर मोजायचं साधन) लावून टॉर्क, म्हणजे आवळण्याचा पीळ, किती दिला की क्लॅम्प, म्हणजे धरून ठेवण्याचा जोर, किती मिळतो ते बघा, कारण टॉर्कचा जेमतेम दहावा हिस्सा क्लॅम्पमध्ये जातो, बाकी घर्षण खातं, आणि टायटॅनियमचे आटे कोरडे फिरवले की एकमेकांना चिकटून जाम होतात, त्यामुळे स्टीलचा टॉर्क चार्ट लावणं हा शुद्ध मूर्खपणा आहे. दुसरं, कंपनात सैल होतो का, त्यासाठी जंकर टेस्ट, म्हणजे आवळलेला जोड आडवा हलवत राहून क्लॅम्प किती उरतो ते बघणं.

पण या सगळ्याच्या आधी एक व्यवस्था लावा. सॅम्पल लॅबच्या माणसाने स्वतः लॉटमधून उचलायचं, सप्लायरने पिशवीत घालून दिलेलं नाही. आणि लॅबचा रिपोर्ट प्रॉडक्शन हेडकडे मंजुरीला जाता कामा नये. ज्याच्या डोक्यावर डिस्पॅचची तारीख आहे त्याला बोल्ट तोडावासा कधीच वाटणार नाही.

आता थोडं सांभाळून. साधं कव्हर धरायला बोल्ट असेल तर एवढं करू नका, केमिस्ट्री आणि मापं बघा, बस. वेजचा अँगल सप्लायरबरोबर ऑर्डर देतानाच लिहून ठरवा, 6 किंवा 10 अंश हे आकडे स्टीलच्या स्टँडर्डमधले आहेत, टायटॅनियमला ते आपोआप लागू होत नाहीत आणि वाद तिथेच घातला जातो. हेड उडालं की कारण अल्फा केसच असेल असंही नाही, कोपऱ्याचा रेडियस कमी असला तरी उडतं, म्हणून आधी रेडियस मोजा. आणि कॅडमियम प्लेटिंगचे नट-वॉशर टायटॅनियमला लावू नका, त्यानेही तडे जातात, आणि तुमची टेस्ट कितीही चांगली झालेली असली तरी ते तिच्यात दिसणार नाही.