स्टॉप बटण एनसी, मग लॅडरमध्ये एनओ का?

प्रश्न: आयटीआय करून सध्या वाळूज एमआयडीसीत अप्रेंटिस आहे. आमच्या कन्व्हेयरला स्टॉप पुशबटण एनसी (नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे न दाबता सर्किट जोडलेलं) लावलंय, मीटर लावून चेक केलं, पण पीएलसीच्या (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरच्या) लॅडरमध्ये, म्हणजे शिडीसारख्या आकृतीत लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये, त्याच इनपुटचा कॉन्टॅक्ट एनओ (नॉर्मली ओपन) दिसतो. सिनियर म्हणतात असंच असतं. पण का? आणि स्कॅन टाइम, वॉचडॉग पण जरा सांगा.
– एक वाचक, वाळूज

उत्तर: ‘असंच असतं’ वर थांबला नाहीत हे फार बरं केलंत.

लॅडरमधलं चिन्ह म्हणजे तुमचं बटण नाही हो, ते मेमरीतल्या एका बिटला फक्त विचारतं की तू १ आहेस का, म्हणून तर ॲलन-ब्रॅडली या पीएलसी ब्रँडच्या सॉफ्टवेअरमध्ये एनओ चिन्हाला एक्झामिन इफ क्लोज्ड म्हणतात. आता बटण एनसी, म्हणजे कोणी दाबलेलं नसताना २४ व्होल्ट इनपुटला येतच असतात, पीएलसीच्या इनपुट कार्डवरचा एलईडी लागलेला, बिट १, आणि एनओ चिन्ह पुढे पास देतं. स्टॉप दाबला की बिट ०, मोटर बंद. तिथे एनसी चिन्ह टाकून बघा, स्टार्ट कितीही दाबा मोटर घेणार नाही, आणि स्टॉप दाबून धरला तर मात्र घेईल! भयंकर प्रकार.

मग बटणच एनओ लावलं तर? वायर तुटली, टर्मिनल ढिला झाला, तर कुणाला कळणारच नाही, ऐनवेळी स्टॉप दाबाल आणि कन्व्हेयर चालूच. एनसीमध्ये वायर तुटली की मशीन आपोआप थांबतं. ४ ते २० मिलिॲम्पच्या सेन्सरमागे पण हाच विचार आहे, शून्य रीडिंगला ४ मिलिॲम्प, त्यामुळे करंट पार शून्यावर गेला तर सेन्सरची वायर कुठेतरी तुटलीय हे लगेच समजतं. आणि इमर्जन्सी स्टॉप साध्या पीएलसीच्या भरवशावर कधीच सोडू नका, त्याला वेगळा सेफ्टी रिले किंवा सेफ्टी पीएलसी, म्हणजे खास सुरक्षेसाठी बनवलेलं उपकरण, पाहिजेच.

स्कॅन म्हणजे आधी सगळे इनपुट वाचायचे, मग प्रोग्रॅम वरून खाली सोडवायचा, मग आउटपुट द्यायचे, आणि परत पहिल्यापासून. या एका फेरीला लागतो तो स्कॅन टाइम, साधारण काही मिलिसेकंद. सेन्सरची पल्स त्याहून छोटी असेल तर पीएलसीला ती दिसेलच असं नाही, काउंट चुकतात, तिथे हायस्पीड काउंटर वापरायचा, तो स्कॅनची वाट न बघता पल्स मोजतो. फेरी ठरलेल्या वेळेत संपली नाही, समजा प्रोग्रॅम तेच तेच परत करत अडकला, की वॉचडॉग, म्हणजे फेरीच्या वेळेवर नजर ठेवणारा टायमर, फॉल्ट देतो. सीमेन्सच्या एस७-१२०० या पीएलसीला ही मर्यादा मुळात १५० मिलिसेकंद असते, सेटिंगमधून बदलता येते. पण फॉल्ट आला म्हणून नुसता आकडा वाढवून मोकळं होऊ नका, आधी लॅपटॉप पीएलसीला जोडून प्रोग्रॅम कुठे अडकतोय ते चालू स्थितीत बघून शोधा.