फ्रांकफुर्टला उतरून लाइपझिग : त्या स्वस्त तिकिटावर विसंबू नका

परिषदेसाठी जर्मनीत लाइपझिगला निघालोय, विमान सकाळी फ्रांकफुर्टला उतरणार, लाइपझिगची गाडी त्यानंतर एक तास पन्नास मिनिटांनी, आणि स्वस्तात मिळालं म्हणून जर्मन रेल्वेचं 'सुपर स्पारप्राइस' तिकीट काढून ठेवलंय, चालेल ना, असं तुम्ही विचारलंय. नाही चालणार. २०२३ मध्ये मी हेच केलं होतं, आणि माझ्याकडे तर दोन तास होते.

व्हिसा, विमा, निमंत्रणपत्र तुमचं झालेलं दिसतंय, त्यामुळे थेट गाडीवर येतो.

या तिकिटाला 'त्सूगबिंडुंग' असते. म्हणजे ज्या गाडीचं तिकीट, तीच गाडी. मला एकाने छातीठोकपणे सांगितलं होतं की उशीर झाला तर कुठलीही गाडी पकडता येते. हे अर्धंच खरं. रेल्वेच्याच घोळामुळे तुम्ही मुक्कामी २० मिनिटं किंवा जास्त उशिरा पोचणार असाल, तर ते बंधन सुटतं. विमान उशिरा आलं, पासपोर्टच्या रांगेत अडकलो, बॅग आली नाही, याच्याशी रेल्वेला काही देणंघेणं नाही. तिकीट वेगळं, जबाबदारी वेगळी.

माझं विमान पन्नास मिनिटं उशिरा टेकलं. पुढे रांग. (२०२५ च्या ऑक्टोबरपासून सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेणं सुरू झालंय, तेव्हा रांगेचा हिशेब आणखी सैल धरा.) बॅग घेऊन धावत सुटलो तो चुकीच्या स्टेशनात. तिथे दोन स्टेशनं आहेत हे मला ठाऊक नव्हतं. टर्मिनल एकच्या खाली आहे ते लोकलचं, तिथून एस ८ आणि एस ९ शहरात जातात. आयसीई, म्हणजे लांब पल्ल्याची वेगवान गाडी, सुटते 'फेर्नबानहोफ'वरून, म्हणजे लांब पल्ल्याच्या स्टेशनावरून. ते पलीकडे, पुलावरून जायचं. टर्मिनल एक सोडून दुसरीकडे उतरलात तर आधी टर्मिनल एकला यायला आणखी वेळ लागेल. जर्मन गाड्या हल्ली वेळेवर नसतात म्हणतात. माझी त्या दिवशी मिनिटाला सुटली. ३२ युरो पाण्यात. त्याच दिवशीचं खुलं तिकीट घेतलं, त्याला तिप्पट लागले.

पण खरा फटका त्याचा नाही. तो दिला आमच्याच संस्थेच्या हिशेब विभागाने. सगळ्यात स्वस्त तिकीट काढा हा आग्रह त्यांचा. परत आल्यावर बिलं लावली तर म्हणे पहिल्या तिकिटाचे पैसे मिळणार नाहीत, कारण त्यावर प्रवास झालेला नाही. आणि दुसऱ्याचेही नाहीत, कारण मंजुरी पहिल्या तिकिटाची होती! चार महिने फाइल फिरली. पाण्याच्या बाटलीच्या बिलावर २५ सेंटांचं 'प्फांट' होतं, म्हणजे बाटली परत केली की मिळणारी अनामत. त्यावर 'हा कुठला कर?' असा शेरा. शेवटी मी नाद सोडला. तेव्हा जायच्या आधी 'विमानास विलंब झाल्यास नवीन तिकीट ग्राह्य धरावे' असं एक वाक्य सहीशिक्क्यानिशी घेऊन ठेवा. तोंडी 'बघू हो, करू' याला काडीची किंमत नाही.

आता तुमचं काय. सुपर स्पारप्राइस रद्द करून पैसे मिळत नाहीत, ते गेलेच समजा. विमानाच्या कंपनीला विचारा 'रेल अँड फ्लाय', म्हणजे विमानाच्या तिकिटाला जोडलेलं रेल्वेचं तिकीट, घेता येतं का. काही कंपन्याच देतात, पण त्याला ठरावीक गाडीचं बंधन नसतं आणि उतरल्याच्या दुसऱ्या दिवशीही चालतं. नसेल तर उतरल्यानंतर किमान चार तासांनी सुटणारी गाडी घ्या. विमानतळावर तीन तास कंटाळलात तरी चालेल. हे माझं मत, कोणी दीड तासात आरामात गेलंही असेल. थेट गाडी नाही मिळाली तर एरफुर्टला बदलून जाता येतं. डॉइचलांडटिकेट, म्हणजे देशभरातल्या लोकल आणि जवळच्या गाड्यांचा पास, आयसीईत चालत नाही आणि ते मासिक वर्गणीचं असतं. चार दिवसांसाठी त्या भानगडीत पडू नका, ते वेळेत रद्द करायचं लक्षात राहत नाही.

फलाटावर 'उमगेकेर्टे वागेनराइउंग' असं ऐकू आलं तर डबे उलट्या क्रमाने लागलेत. म्हणजे परिषदेच्या पोस्टरची नळी घेऊन दुसऱ्या टोकाला पळा. खरं तर नळी नकोच. पोस्टर कापडावर छापून घ्या, घडी घालून बॅगेत जातं.

परिषद मेस्सेत, म्हणजे तिथल्या प्रदर्शन केंद्रात, आहे म्हणताय, तरी हॉटेल मेस्सेजवळ घेऊ नका. संध्याकाळी तिकडे शुकशुकाट. मुख्य स्टेशनाजवळ राहा, १६ नंबरची ट्राम थेट मेस्सेला जाते. एस-बाननेही, म्हणजे लोकलनेही, जाता येतं, पण स्टेशनपासून सभागृहापर्यंत बरंच चालावं लागतं. ट्रामचं तिकीट परिषदेच्या बिल्ल्यातच आहे का ते आयोजकांना विचारा, बऱ्याच ठिकाणी असतं. गृहीत मात्र धरू नका, विनातिकीट सापडलात तर ६० युरो जातात. आणि रविवारी पोचत असाल तर दुकानं बंद असतात, खायचं स्टेशनातच घेऊन ठेवा.

विमान कुठल्या टर्मिनलला उतरतंय ते कळवा, रात्री बसून गाड्या बघून सांगतो.