उतारा वाचतंय कोण?

प्रिय मॅडम,

आता कॉलेजात सगळे तुला हेच म्हणणार, तेव्हा सवय करून घे. तासिका तत्त्वावर का होईना, पहिल्या वर्षाचं अनिवार्य इंग्रजी तुझ्याकडे आलं. दोन तुकड्या, प्रत्येकीच्या पटावर शंभराच्या आसपास मुलं, त्यातली बहुतेक मराठी माध्यमातली. तुझा प्रश्न रास्त आहे: राज्यात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे, मग बारा वर्षं शिकून आलेल्या मुलाला एका पानाचा उतारा एकट्यानं का वाचता येत नाही?

त्या बारा वर्षांत तासाला काय चालतं ते बघ. शिक्षक मोठ्यानं वाचतात, ओळीओळीचा मराठीत अर्थ सांगतात, मुलं शब्दांच्या डोक्यावर तो लिहून घेतात, शेवटी उत्तरं फळ्यावरून उतरवली जातात. म्हणजे उतारा वाचला फक्त शिक्षकांनी. मुलांनी ऐकला, उतरवला, पाठ केला. तूही हेच पुढे चालवलंस तर तेरावं वर्षही तसंच जाईल. म्हणून माझं सांगणं एवढंच: तासातली निम्मी मिनिटं मुलांची नजर कागदावर असू दे आणि तुझं तोंड बंद. हे जमायचं तर कागदावरचा मजकूर त्यांना पेलणारा हवा. सगळी गोम तिथेच आहे.

पहिल्या आठवड्यात नेमलेलं पुस्तक उघडूच नकोस. शंभर-शंभर शब्दांचे तीन उतारे झेरॉक्स कर: एक सातवीच्या पुस्तकाच्या तोलाचा, एक दहावीच्या, एक तुमच्या नेमलेल्या पुस्तकातला. कागदावर नाव घालू नका म्हणून सांग, नाहीतर लाजेपोटी कुणी खरं दाखवणार नाही. अडलेल्या प्रत्येक शब्दाला गोल करायला लाव. शंभरात दोन गोलांपर्यंत असतील तर तो मजकूर मूल एकट्यानं वाचू शकतं. तीन ते पाच असतील तर तुझ्या मदतीनं. पाचाच्या वर गेले की ‘संदर्भावरून अर्थ ओळखा’ हे वाक्य फोल ठरतं, कारण ज्या शेजारच्या शब्दांवरून ओळखायचं तेही अनोळखीच असतात. एक खबरदारी घे. अर्धवट माहीत असलेल्या शब्दाला मुलं गोल करत नाहीत, म्हणून प्रत्येक उताऱ्याखाली मराठीत दोन प्रश्न टाक आणि उत्तरंही मराठीतच लिहू दे. गोल कमी आणि उत्तरं चुकलेली असा कागद आला तर अडचण शब्दांत नसून वाक्यात आहे असं समज.

हा हिशेब माझ्या मनचा नाही. ढाक्यात काम करणारे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ मायकेल वेस्ट यांनी १९२६ साली, बंगालातल्या मुलांच्या इंग्रजी वाचनाचा विचार करताना, पन्नास शब्दांमागे एकाहून जास्त नवा शब्द नको असं मांडलं होतं. पुढे २००० साली मार्सेला हू आणि पॉल नेशन या भाषा-अभ्यासकांनी तपासून पाहिलं, तर मदतीशिवाय नीट कळायला मजकुरातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात असं दिसलं. पन्नासात एक म्हणजे तेच. नेशन यांच्याच २००६ सालच्या मोजणीनुसार इंग्रजी वर्तमानपत्र किंवा कादंबरी या पातळीवर वाचायला आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबं (मूळ शब्द आणि त्याची सगळी रूपं मिळून एक कुटुंब) माहीत असावी लागतात. तेव्हा पहिल्या वर्षाच्या पोराला ‘रोज इंग्रजी पेपर वाचत जा’ म्हणणं हा सल्लाच नव्हे. आठवडाभर तो पेपर विकत घेतो, मथळ्यावर अडकतो आणि आपल्यालाच काही येत नाही अशी खूणगाठ बांधून बसतो.

मुलांकडे काहीच नाही असंही धरून चालू नकोस. कानांनी त्यांना शेकडो इंग्रजी शब्द ठाऊक असतात: फॉर्म, डिपॉझिट, रिसीट, गॅरंटी, मेकॅनिक, सर्टिफिकेट, ड्यू डेट. फक्त डोळ्यांना ते ओळखू येत नाहीत. देवनागरीत लिहिलं तसं वाचायची सवय, आणि इथे रिसीटच्या स्पेलिंगात ‘पी’ गुपचूप बसलेला. पहिले दोन आठवडे तासाच्या सुरुवातीची पाच मिनिटं यावर घाल. एसटी स्टँड, बँक, दवाखाना, मोबाइलचं दुकान इथले दहा शब्द फळ्यावर रोमन लिपीत लिही, उच्चार तू करू नकोस, मुलांना ओळखू दे. फसवे शब्द तेवढे आधीच सांगून टाक. आपलं हॉटेल म्हणजे मिसळ खायची जागा, इंग्रजी मजकुरातल्या हॉटेलात लोक मुक्कामाला जातात.

आता वाक्याकडे ये, कारण खरी पडझड तिथे होते. समज, बाजार समितीच्या बातमीत हे वाक्य आहे:

‘द फार्मर्स हूज ऑनियन्स वेअर लेफ्ट इन द यार्ड ओव्हरनाइट केम बॅक टू फाइंड दॅट द ऑक्शन हॅड बीन कॅन्सल्ड.’

यात अवघड शब्द एखादाच, तोही ‘ऑक्शन’. तरी निम्मा वर्ग सांगेल की कांदे रात्री परत आले. का? मूल एकेक शब्द उचलत पुढे जातं, ‘केम बॅक’पाशी पोचतं तोवर सुरुवातीचे शेतकरी हातातून निसटलेले असतात, आणि जवळ दिसतात ते कांदेच. त्यात ‘लेफ्ट’ म्हणजे डावा, एवढंच डोक्यात. अशा वेळी मराठीत अर्थ सांगून मोकळी होऊ नकोस. आधी काळ दाखवणारी क्रियापदं शोधायला लाव. तीन सापडतील: ‘वेअर लेफ्ट’, ‘केम बॅक’, ‘हॅड बीन कॅन्सल्ड’. मग प्रत्येकाला विचार, कोण? काय? ठेवले गेले कांदे, परत आले शेतकरी, रद्द झाला लिलाव. आता ‘हूज’पासून ‘ओव्हरनाइट’पर्यंत पेन्सिलीनं कंस टाकायला सांग आणि कंस वगळून वाक्य वाचू दे. सांगाडा दिसला की कंस परत आत घ्या. सगळ्यात शेवटी मराठी: ज्या शेतकऱ्यांचे कांदे रात्रभर यार्डात पडून होते, ते परत आले तर लिलाव रद्द झालेला. आपल्या ‘जो-तो’च्या जोडीत मुलं हे चटकन बसवतात, कारण ती रचना त्यांच्या तोंडात आहे. इंग्रजी नामाच्या मागून शेपटासारखी माहिती जोडत जातं, मराठी ती बहुधा नामाच्या आधी मांडते. हा फरक दहा-पंधरा वाक्यांवर हातानं काम केल्याशिवाय अंगात मुरत नाही. एका तासाला अशी तीनच वाक्यं घे. वीस मिनिटं सहज जातात, जाऊ देत.

बारक्या शब्दांवरही नजर ठेव. मुलं मोठ्या शब्दांना भितात, पण अर्थ उलटा होतो तो बारक्यांमुळे. ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ यांत अक्षर एकच जास्त, पण पहिल्यात तक्रार आहे नि दुसऱ्यात दिलासा. ‘अनलेस’मध्ये नकार दडलेला असतो. ‘प्रोव्हायडेड’ दिसला की मुलं ‘पुरवलं’ म्हणतात, आणि नोटिशीतली अट होती ती नजरेआड होते. उताऱ्यातल्या ‘धिस’, ‘इट’, ‘दे’ यांच्यापासून ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय त्याच्याकडे बाण काढायला लाव. ज्या कागदावर बाण चुकतो तिथे समजही चुकलेली असते, आणि तुला ते शंभर जणांत फिरता फिरता दिसतं.

शब्दाच्या डोक्यावर मराठी अर्थ लिहायची सवय मात्र मोडून काढ. पुढच्या वेळी नजर वरच्या देवनागरीवरच जाते, खालचा इंग्रजी शब्द न पाहता सुटतो. अर्थ लिहायचाच तर समासात, ओळीच्या शेवटी, आणि पानाला पाचाहून जास्त नाहीत. यानं आणखी एक साधतं: कुठला शब्द अडवतोय आणि कुठला सोडून दिला तरी चालतं, याची निवड मुलांना स्वतः करावी लागते. मोबाइलवरच्या भाषांतरालाही हाच नियम लाव. एक शब्द बघायला हरकत नाही, कॅमेरा धरून अख्खं पान मराठीत वाचायला आहे.

वेगाकडे कॉलेजात कुणी बघत नाही. मिनिटाला साठ-सत्तर शब्दांनी वाचणाऱ्याला लांब वाक्याच्या शेवटी सुरुवात आठवत नाही, मग तो परत मागे जातो आणि आणखी मंदावतो. आठवड्यातून दोनदा, दहा मिनिटं याला दे. तीनशे शब्दांचा मजकूर घे, ज्यात एकही नवा शब्द नसेल. ही अट ढिली केलीस तर वेग मोजण्यात अर्थ नाही. सगळ्यांनी एकदम सुरू करायचं. तू घड्याळ धरून फळ्यावर दर दहा सेकंदांनी वेळ लिहीत राहा, २.००, २.१०, २.२० अशी. वाचून झालं की मान वर करायची, फळ्यावरची शेवटची वेळ टिपायची, कागद पालथा घालायचा आणि दहा सोपे प्रश्न सोडवायचे. चार मिनिटं लागली तर वेग ७५, अडीच लागली तर १२०. दहापैकी सात-आठ बरोबर आले तर वेग योग्य. दहाच्या दहा आले तर मूल उगाच रेंगाळतंय, पाचच आले तर पळतंय. वहीच्या मागच्या पानावर प्रत्येकानं आपला आलेख काढायचा, आणि तो शेजाऱ्याशी ताडून बघायचा नाही. पहिले तीन-चार वेळा आकडे वरखाली होतील, घाबरू नकोस. वर्षअखेर बहुतेकांनी १२० च्या पुढे जावं, एवढं उद्दिष्ट पुरे.

वर्गात एकेकाला उभं करून मोठ्यानं वाचायला लावण्याचा प्रघात आहे. तो बंद कर. उभा असतो तो उच्चारांच्या काळजीत, त्याला अर्थ लागत नाही. बाकीचे आपली ओळ कुठली येणार ते मोजत बसतात.

याखेरीज घरी वाचायला काहीतरी हवं. ग्रंथालयाच्या कपाटात शब्दसंख्येच्या पायऱ्यांनी लिहिलेली इंग्रजी पुस्तकं बहुधा असतात. कुलूप लावलेली असतात, एवढंच. मलपृष्ठावर ४००, ७००, १००० असे आकडे असतात, म्हणजे साधारण तेवढेच वेगवेगळे शब्द फिरून फिरून वापरलेले. ग्रंथपालांशी गोड बोलून चाळीस पुस्तकं पिशवीतून वर्गात ने, शुक्रवारी वाट, पुढच्या शुक्रवारी बदल. मूल ग्रंथालयात जाईल याची वाट पाहू नकोस. चारशे शब्दांच्या पायरीवरचं पुस्तक साधारण पाच-सहा हजार शब्दांचं. मिनिटाला ऐंशीच्या वेगानं सत्तरेक मिनिटांत संपतं, म्हणजे रोज बारा मिनिटं. पुस्तकं नसतील तर प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर चार पातळ्यांच्या गोष्टी फुकट मिळतात, छापून वाटायला परवानगी आहे, आणि बऱ्याच गोष्टी मराठीतही आहेत. मात्र एकोणीस वर्षांच्या पोराच्या हातात हत्तीच्या पिल्लाची गोष्ट देताना जपून. विज्ञान, चरित्र, पर्यावरण असे विषय निवड. पुस्तक वाचून झाल्यावर सारांश मागू नकोस, तो इकडून तिकडून उतरवला जातो. तीन ओळी पुरेत: कुठे थांबलास, का, दुसऱ्या कुणाला देशील का. आवडलं नाही तर अर्ध्यात सोडायची मुभा हवीच.

प्रश्न काढण्यातही एक सापळा आहे. वर्गाला हे करून दाखव: ‘द ग्लॉम ब्लेक्ड द ट्रिव्ह.’ आता विचार, हू ब्लेक्ड द ट्रिव्ह? सगळा वर्ग ओरडेल, द ग्लॉम! यातल्या एकाही शब्दाला अर्थ नाही. परीक्षेतले ‘कोणी, कुठे, केव्हा’ हे प्रश्न असेच सुटतात, उताऱ्यातलं वाक्य उचलून. तुझे प्रश्न उचलता येणार नाहीत असे काढ: ‘बरोबर, चूक, की उताऱ्यात सांगितलेलंच नाही’, किंवा एक रिकामा तक्ता भरायला, किंवा मराठीत ‘या शेतकऱ्याचं नुकसान नक्की कशामुळे झालं?’. उत्तर मराठीत घेतलंस म्हणून काही बिघडत नाही. तुला इथे वाचलेलं कळलं का ते तपासायचंय, लिहिता येतं का ते नव्हे. त्यासाठी वेगळा तास आहे.

आणि नेमलेलं पुस्तक? ते करावंच लागेल, विभागप्रमुख विचारणारच. पंधराशे शब्दांचा निबंध असेल तर त्याचे तीनशे शब्दांत सोप्या इंग्रजीत रूपांतर कर आणि मुलांना आधी ते वाचू दे. मग मूळ निबंधातले दोनच परिच्छेद कंस आणि बाण घालून सावकाश. उरलेला भाग त्यांनी घरी वाचायचा. गोष्ट ठाऊक झालेली असते, त्यामुळे बरीच मुलं तो ओढून नेतात. विषयाची ओळख निम्मं काम करते, म्हणून उतारे जोडतानाही एका आठवड्यात एकच विषय धर, कांद्याचा भाव तर कांद्याचा भाव. तेच शब्द चार उताऱ्यांत भेटले की वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

गाइड घेऊन बसणारी मुलं पहिला महिना कुरकुरतील, नोट्स कधी देणार म्हणून विचारतील. प्रत्येक धड्याची अर्ध्या पानाची टिपणं महिन्याच्या शेवटी दे, सुरुवातीला नको. हे सगळं शंभर जणांच्या दोन्ही तुकड्यांवर एकदम सुरू करू नकोस; सकाळची तुकडी घे, दुसरीला दिवाळीनंतर. उतारे टाइप करून झाले की मला पाठव, कुठले शब्द छाटायचे ते बसून बघू.

तुझी,
मॅडम