अमेरिकेत लोक जुन्या लष्करी रायफलींचे ‘पार्ट्स किट’ घेऊन घरी रायफल बांधतात, हे कायदेशीर कसं? आपल्याकडे चालेल का?

तिकडे चालतं, कारण 1968च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टनुसार बंदुकीच्या भागांपैकी ‘बंदूक’ धरला जातो तो फक्त रिसिव्हर, म्हणजे ज्यात सगळं बसतं तो सांगाडा. बाकी दस्ता, बोल्ट, स्प्रिंगा हे निव्वळ सुटे भाग. म्हणून रुमानिया, पोलंडच्या जुन्या एकेएम (एके-47ची सुधारित आवृत्ती) मोडताना रिसिव्हर गॅसकटरने कापून टाकतात. किटमध्ये येतात ते कडा वितळलेले तुकडे आणि वर्षानुवर्षांच्या गोदामातल्या ग्रीसने चिकट झालेला लाकडी दस्ता. ते ग्रीस पुसण्यातच म्हणे पहिला रविवार जातो!

अर्थात मोकळं रान नाही. 2005पासून अशा किटबरोबर मूळ नळी आयात करता येत नाही. जोडलेल्या रायफलीत, ठरलेल्या 20 भागांच्या यादीतले 10 पेक्षा जास्त भाग परदेशी असून चालत नाहीत, त्यामुळे ट्रिगर वगैरे अमेरिकन बनावटीचे घ्यावे लागतात. ऑटोमॅटिक करणं तर 1986पासून सामान्य माणसाला बंदच. काही राज्यांचे नियम याहून कडक.

आपल्याकडे विषयच संपतो. शस्त्र अधिनियम, 1959मध्ये ‘शस्त्र’ या शब्दातच सुटे भागही येतात. बनवायला वेगळा परवाना लागतो. स्वसंरक्षणासाठी मिळालेला बंदुकीचा परवाना इथे कामाचा नाही. 2019च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीला किमान 7 वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. तेव्हा ‘नुसता दस्ता तर मागवतोय’ म्हणून परदेशातून पार्सल मागवायच्या फंदात पडू नका.