ब्रॉडबँड कंपनी बदलली. नव्या डब्याबरोबर माझा जुना राउटर कसा जोडू?

तुम्ही लिहिलंय ते मला असं समजलं: टेलिफोनच्या तारेवरचं जुनं कनेक्शन सोडून दुसऱ्या कंपनीचं फायबर घेतलंत. त्यांचा डबा दारापाशी बसला, तिथे वेग पूर्ण मिळतो, पण मागच्या खोल्यांत काहीच नाही. म्हणून स्वतःचा जुना राउटर मागे जोडलात, आणि तेव्हापासून प्रिंटर सापडत नाही, अधूनमधून सगळंच बंद पडतं, घरचा कॅमेराही बाहेरून दिसत नाही. जुना राउटर काढून टाकावा का, असं विचारलंय.

टाकू नका. राउटरमध्ये काही बिघाड नाही. घरात दोन कर्ते झालेत, एवढंच.

हे मी खात्रीने सांगतो, कारण आमच्याकडे अगदी हेच झालं होतं. आमचं घर बडोद्यात दांडिया बाजारात, जुन्या वाड्याचा पहिला मजला. भिंती दीड-दोन फुटी. नवं कनेक्शन घेतलं तेव्हा कंपनीच्या मुलाने डबा जिन्याच्या तोंडाशी, चपलांच्या कपाटावर ठेवला. आत मधल्या खोलीत लावा म्हटलं, तर ‘चालशे, काका’ म्हणून निघून गेला. मी जुना राउटर आईच्या खोलीत ठेवला, दोन्हींमध्ये केबल टाकली, फोनवर वायफायच्या दांड्या भरलेल्या दिसल्या आणि काम झालं असं समजलो. मुलीच्या परीक्षेच्या आदल्या रात्री हॉल तिकीट छापायला घेतलं. प्रिंटर चालू, कागद भरलेला, दिवा हिरवा, आणि लॅपटॉप म्हणतोय प्रिंटर सापडत नाही. रात्री साडेनऊला पेन ड्राइव्ह खिशात घालून झेरॉक्सवाल्याचं शटर पडायच्या आत रावपुऱ्यात पोचलो.

कारण साधं आहे. घरातल्या प्रत्येक फोनला, टीव्हीला, लॅपटॉपला नेटवर्कमध्ये आपापला पत्ता लागतो आणि तो राउटर देतो. या वाटपाला डीएचसीपी म्हणतात. फायबरच्या डब्यात बहुधा राउटर आधीच असतो. त्यामुळे तुमचा दुसरा राउटर जसाच्या तसा जोडला की दोघंही पत्ते वाटायला बसतात. केबल तुमच्या राउटरच्या वॅनच्या, म्हणजे बाहेरून इंटरनेट आत घेण्याच्या, भोकात घातली असेल तर घरात दोन वेगळी नेटवर्कं होतात, आणि एकीकडच्या लॅपटॉपला दुसरीकडचा प्रिंटर दिसत नाही. लॅनच्या, म्हणजे घरातली यंत्रं जोडायच्या, भोकात घातली असेल तर दोघांचे पत्ते एकमेकांत मिसळतात. त्यात दोघांचाही स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ असला, तर कधी चालतं, कधी बंद पडतं.

तेव्हा पत्ते फक्त कंपनीच्या डब्याला वाटू द्या. तुमच्या राउटरने नुसतं वायफाय पसरवायचं. आधी राउटर नव्या डब्यापासून सोडवा आणि लॅपटॉप केबलने फक्त त्यालाच जोडा. खालच्या लेबलवरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकून आत जा आणि ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ शोधा. सापडला तर तो निवडा, बाकीचं तो स्वतः सांभाळतो. कंपनीच्या डब्याचं लॅनचं भोक केबलने त्याला जोडलं की झालं.

तो पर्याय नसेल, तर दोन गोष्टी हाताने कराव्या लागतात, आणि त्यांचा क्रम चुकवू नका. पहिल्यांदा राउटरचा स्वतःचा लॅनचा पत्ता बदला. नव्या डब्याच्या पत्त्यातले टिंबांनी वेगळे केलेले पहिले तीन आकडे तसेच ठेवा, शेवटचा वेगळा द्या. डबा कुठून कुठवर पत्ते वाटतो ते त्याच्या डीएचसीपीच्या पानावर असतं, त्याच्या बाहेरचा आकडा घ्या. आता नव्या पत्त्यावरून पुन्हा आत जा आणि डीएचसीपी बंद करा. मग केबल डब्याच्या लॅनमधून राउटरच्या लॅनमध्ये. वॅनचं भोक रिकामं राहू द्या. तुमच्या जुन्या राउटरला मागे टेलिफोनच्या तारेचंच भोक असेल, तरी ही युक्ती चालते. मोडेम म्हणून त्याचं काम संपलं, वायफाय म्हणून नाही.

आता सगळ्यात जास्त त्रास वाचवणारी गोष्ट. नव्या डब्याच्या वायफायला तुमच्या जुन्या वायफायचंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या. मोकळी जागा आणि लिपीसकट अगदी तंतोतंत, आणि सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए-टू. मागच्या राउटरलाही हेच. मी हे केलं त्या संध्याकाळी आईला काही सांगावंसुद्धा लागलं नाही. ती हिंचक्यावर बसून फोनवर कीर्तन ऐकत होती, मध्ये मिनिटभर आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला. टीव्ही, प्रिंटर, बहिणीचा टॅब, सगळं ओळखीचं नाव पाहून आपोआप जोडलं गेलं. नवं नाव ठेवलं असतं तर प्रत्येकात पासवर्ड घालत बसलो असतो, आणि प्रिंटरच्या त्या टीचभर पडद्यावर अक्षरं निवडणं म्हणजे अर्धा तास.

नाव एक ठेवलं तरी चॅनल वेगळे ठेवा. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर एकाला १ आणि दुसऱ्याला ११ द्या. १, ६ आणि ११ हे तीन एकमेकांवर चढत नाहीत. स्वस्तातले कॅमेरे आणि जुने प्रिंटर पुष्कळदा २.४ वरच बोलतात, म्हणून तो पट्टा बंद करू नका. ५ गिगाहर्ट्झ वेगवान आहे, पण आमच्यासारख्या जाड भिंतीत लवकर दम टाकतो. लोखंडी कपाट आणि मोठा आरसाही त्याला अडवतात.

म्हणूनच रिपीटर घ्या असं मी सांगणार नाही. जिथे मूळ वायफायच पोचत नाही, तिथे तो पुढे काय पोचवणार? केबलच टाका. आमच्याकडे खिडकीच्या चौकटीत जुन्या टीव्ही अँटेनाच्या वायरीचं भोक होतं, त्यातून कॅट-सिक्स ओढली. फोडाफोड काही नाही. कॅट-फाइव्ह-ई सुद्धा १ गिगाबिटला पुरते. केबल ताणून झाल्यावर वेग तपासा. योजना २०० मेगाबिटची असून मागे नेमका ९३-९४ वर अडकत असेल, तर राउटरची भोकंच १०० मेगाबिटची आहेत, किंवा आठातली एखादी तार प्लगमध्ये नीट बसलेली नाही. प्लग पुन्हा बसवून बघा, तेवढ्यासाठी नवं काही घेऊ नका.

फायबरच्या बारीक तारेला मात्र जपा. आत केसाएवढी, १२५ मायक्रॉनची काच असते. ती काटकोनात वळवू नका, कपाटामागे दाबू नका. आम्ही चपलांचं कपाट सरकवलं आणि डब्यावर एलओएसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, लाल दिवा लागला. तार मोकळी केली तसा विझला. हिरव्या टोकाच्या जोडात डोळा घालून बघू नका, त्यातला लेझर दिसत नाही पण असतो. आणि जमलं तर कंपनीकडून डबा मधल्या खोलीत हलवून घ्याच. पैसे मागितले तरी द्या, दुसऱ्या राउटरपेक्षा त्याने जास्त फरक पडतो.

कॅमेऱ्याचं कारण वेगळं असू शकतं. डब्याच्या पानावर वॅनचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर एकच बाहेरचा पत्ता कंपनी अनेक घरांत वाटून देतेय. तसं असेल तर बाहेरून थेट आत शिरण्याची तुमची जुनी पोर्ट फॉरवर्डिंगची सोय चालणार नाही. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या ॲपमधून बघा, नाहीतर कंपनीकडे स्थिर पत्ता मागा. त्याचे बहुधा वेगळे पैसे पडतात.

जुन्या कंपनीचा मोडेम भाड्याचा असेल तर परत देण्याआधी मागचं रिसेटचं बटण पिनेने दहा-पंधरा सेकंद दाबून तुमचा पासवर्ड पुसा, आणि सिरियल नंबर लिहिलेली पावती घ्या.

सगळं जोडून झालं की प्रिंटर एकदा बंद करून चालू करा. तो आधीचाच पत्ता धरून बसलेला असतो. लॅपटॉपवरही तो काढून पुन्हा जोडावा लागेल. आमच्याकडे तेवढं केल्यावर पहिलं पान निघालं.