आधी पेटी उघड, मग बाजाराला जा

अमळनेर,
आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधीचा रविवार

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले सहा ड्रेसचे फोटो रात्री चष्मा लावून नीट पाहिले. ‘मावशी, हातात दोन हजार आहेत, यातले कोणते तीन घेऊ?’ असं विचारलंस. उत्तर दोन ओळींत देता आलं असतं. पण मग तू तीन ड्रेस मागवले असतेस आणि मे महिनाभर ते अंगाला चिकटतात म्हणून रडकुंडीला आली असतीस. म्हणून सविस्तर लिहिते.

घरी पैसे मागायचे नाहीत असं तू ठरवलंस, ते मला फार आवडलं. कापसाचे पैसे आले तसे गेले. आता बागायती लागवडीसाठी बियाण्याच्या पिशव्या आणि ठिबकच्या नळ्या, सगळं तुझ्या बाबांच्या डोक्यावर एकदमच येणार. आणि नेमकं याच दिवसांत आखाजी, मामाकडचं लग्न, मैत्रिणींबरोबर तोरणमाळची सहल. दोन हजारांत हे सगळं निभतं. मात्र सुरुवात मोबाईलवर करायची नाही, घरातल्या पेटीपासून करायची.

आधी त्या फोटोंबद्दल. सहापैकी पाच पॉलिस्टरचे आहेत. जॉर्जेट, क्रेप अशी नावं खाली लिहिली आहेत, पण त्या किमतीत ते पॉलिस्टरच असतं. सहाव्यावर ‘कॉटन ब्लेंड’ आहे. त्यात सूत किती आणि बाकीचं काय, हे जिथे लिहिलेलं नसेल तिथे पैसे टाकू नकोस. नाशिकच्या हॉस्टेलवर हे कपडे चालून गेले असते, तिथे संध्याकाळी निदान गार वारा सुटतो. इथे मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो आणि रात्री नऊ वाजताही भिंतीला हात लावला तर ती तापलेलीच असते.

दुसरं म्हणजे सहाही बिनबाह्यांचे आहेत. यात मला लाजलज्जेचं काही म्हणायचं नाही, तू हवं ते घाल. सांगते ती उन्हाची गोष्ट. आपल्या कातडीचं तापमान साधारण ३३ ते ३५ अंश असतं. हवा त्याहून थंड असली तर उघड्या दंडाला वारा गार लागतो. हवाच ४४ अंशांची झाली की तोच वारा अंग तापवतो, शिवाय घाम नीट दिसायच्या आतच सुकवून टाकतो, म्हणून पाणी कमी झाल्याचं कळत नाही. समुद्रकाठची दमट हवा वेगळी आणि आपली कोरडी झळ वेगळी. इथे सैल आणि लांब बाह्यांचं सुती कापडच अंगाला सावली देतं. कांदा काढणाऱ्या बाया बघ, लुगड्यावर नवऱ्याचा जुना फुलबाहीचा शर्ट आणि डोक्याला रुमाल. माझी आजी दारातून बाहेर पडताना प्रत्येक वेळी म्हणायची, ‘आंग झाकी ले व पोर, ऊन लागी जाई.’

माझे वडील इथल्या प्रताप मिलमध्ये साच्यावर (कापड विणायच्या मागावर) होते. कापड हातात आलं की ते काठाचा एक धागा ओढायचे आणि काडी लावायचे. सुताचा धागा कागदासारखा जळतो, वास कागदाचा येतो आणि राख बोटात भुगा होते. पॉलिस्टरचा आक्रसतो, वितळतो आणि टोकाला कडक मणी होतो. (रेयॉनही सुतासारखाच जळतो, तिथे फसू नकोस. तो हाताला गुळगुळीत आणि जड लागतो, ओला झाला की कमजोर पडतो आणि धुतल्यावर आटतो.) दुकानात काडी लावता येत नाही. तिथे कापड तोंडाला लावून फुंकर मार, पलीकडे हाताला वारा लागला पाहिजे. घरी पाण्याचा एक थेंब टाकून बघ, तो कापडात मुरला पाहिजे. शंभर ग्रॅम सुतात नेहमीच्या हवेतही सात-आठ ग्रॅम ओल धरलेली असते, पॉलिस्टरमध्ये अर्धा ग्रॅमसुद्धा नसते. घाम कुठे जाईल, हे त्यावरूनच ठरतं.

आता पेटी. उद्या सकाळी सगळे कपडे खाटेवर काढ आणि एकेक उजेडासमोर धर. विरलेलं, रंग उडालेलं, घट्ट झालेलं वेगळं कर. घट्ट झालेल्यांचा ढीगच मोठा निघेल, तीन वर्षांत तू भरलीस. तो ढीग टाकून देऊ नकोस, माझ्याकडे आण. मी शिवलेल्या कुर्त्यांच्या आत दोन्ही बाजूंना माया (शिवणीच्या आत राखलेलं जास्तीचं कापड) सोडलेली आहे. दोन शिवणी आणि प्रत्येकीत कापडाचे दोन पदर. प्रत्येक पदरातून अर्धा इंच सोडला तरी घेर दोन इंचांनी वाढतो. तुझा तो निळ्या बुट्ट्यांचा कुर्ता बारावीत शिवला होता ना, तेव्हा मी मुद्दाम जास्त माया ठेवली होती. रेडिमेडमध्ये जेमतेम पाव इंच असते आणि तीही मशीनने कापून टाकलेली. त्यांना बगलेत चौकोनी कळी आणि बाजूला उभी पट्टी घालावी लागेल. पट्टी वेगळ्या रंगाची घातली तर ती लपवायची गरजच नाही, मुद्दाम घातल्यासारखी छान दिसते. जुनी टीप उसवल्यावर रेघ राहते. एकदा धुऊन ओलसर असतानाच इस्त्री कर, बरीचशी जाते.

बाबांचे दोन फुलबाहीचे सुती शर्ट कॉलर झिजली म्हणून बाजूला पडले असतील, बहुतेक घरी असतात. ते मागून घे. कॉलर उसवून उलटी बसवली की आतली कोरी बाजू वर येते. गाडीवर बसताना कुर्त्यावर हा शर्ट घाल, बटणं मोकळी ठेव. दुकानात मिळणाऱ्या सनकोटांपेक्षा हा शंभर पटीने बरा, कारण त्यातले कितीतरी पॉलिस्टरचेच असतात.

आणि आईची सुती पातळं, म्हणजे रोजच्या साड्या. साडेपाच मीटर कापड, तेही धुऊन धुऊन मऊ झालेलं. असं कापड बाजारात कितीही पैसे दिले तरी मिळत नाही. फुलबाहीच्या एका लांब कुर्त्याला अडीच मीटर पुरतं, म्हणजे एका पातळात दोन कुर्ते बसतात आणि पदराचा काठ गळ्याला आणि बाह्यांना लावता येतो. पातळ विरतं ते निऱ्यांच्या खालच्या बाजूला आणि कमरेला खोचतो तिथे. तेवढा भाग उजेडासमोर धरून खडूने खूण कर आणि सोडून दे. पूर्वीच्या बायका नऊवारीचा विरलेला मधला भाग काढून दोन तुकडे जोडायच्या, त्याला दंड घालणं म्हणतात. ते लुगडं पुढे दोन-दोन वर्षं चालायचं आणि मग त्याची गोधडी व्हायची.

पण पातळ आईला विचारल्याशिवाय उचलू नकोस. हे मी तुला बजावून सांगते. फार वर्षांपूर्वी एक मुलगी माझ्याकडे आईची जांभळी साडी घेऊन आली, ‘जुनीच आहे मावशी, कापा’ म्हणाली. मी कापली. ती साडी त्या मुलीच्या आजीने आपल्या शेवटच्या आखाजीला तिच्या आईला नेसवलेली होती. त्या बाई दुकानात आल्या, काही बोलल्या नाहीत, तुकडे घडी करून पिशवीत ठेवून गेल्या. तेव्हापासून घरच्या बाईचा होकार स्वतः ऐकल्याशिवाय मी जुन्या साडीला कात्री लावत नाही. तू आईजवळ बस, पेटी दोघी मिळून उघडा. कोणतं पातळ द्यायचं ते तिला ठरवू दे.

एवढं झाल्यावर काय कमी पडतं ते बघ आणि तेवढ्यासाठीच बाजाराला जा. माझ्या हिशेबाने तुला पांढऱ्या सुती कापडाच्या दोन सलवारी लागतील, सगळ्या कुर्त्यांखाली चालतात. एक छापील कापड आखाजीसाठी, दोन सुती स्लिपा आणि एक मलमलची मोठी ओढणी. जळगावला फुले मार्केटला जा किंवा धुळ्याला पाच कंदिलाला, आपल्या गावात मिळालं तर गाडीभाडंही वाचेल. सकाळी दहाच्या आत जा. उन्हात दमलेलं माणूस काहीही घेऊन निघून येतं. कटपीस माग. तो पूर्ण उलगडून बघ, पन्हा (कापडाची रुंदी) मोजून घे, मधे डाग किंवा विणीत तुटलेला धागा नाही ना ते पाहा. मांजरपाट सलवारीला स्वस्त पडतो, पण पहिल्या धुण्याला बराच आटतो. म्हणून कोणतंही सुती कापड शिवायच्या आधी रात्रभर साध्या पाण्यात भिजव. पाण्यात मीठ टाकलं की रंग पक्का होतो असं बायका सांगतात, मला चाळीस वर्षांत तसा अनुभव आला नाही. रंग सोडणारं कापड वेगळं धुवायचं, एवढंच.

खादी घ्यायची तुझी इच्छा मला माहीत आहे. माझं आजोळ फैजपूरकडचं, १९३६ साली तिथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं तेव्हापासून त्या घरात पुरुषांच्या अंगावर खादीच होती, मी तिच्यातच वाढले. पण आत्ता घेऊ नकोस. गांधी जयंतीच्या सुमाराला खादी भांडारात सूट लागते, तेव्हा मी तुझ्यासाठी आणून ठेवेन.

लग्नासाठी नवीन काही घ्यायचं नाही. आईची काठाची साडी घे, फॉल-पिको नवा करून घे आणि ब्लाऊजला अस्तर सुतीच लाव. जेवणात वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी असणार, म्हणजे काठावर हळदीचा डाग ठरलेला. घाबरू नकोस. साबण लागला की तो लाल होतो आणि मुली रडायला लागतात. धुऊन तेवढाच डागाचा भाग उन्हात धर, हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. पांढरे सुती कपडे म्हणून उन्हात वाळव आणि रंगीत कपडे उलटे करून सावलीत, नाहीतर तेच ऊन महिन्याभरात कुर्त्याचा रंग नेईल.

तोरणमाळ हजार मीटरच्या वर आहे, तिथे मेमध्येही रात्री गार असतात. जॅकेट घेऊ नकोस, आईची शाल घे. जीन्स एकच ने. इथे नळाला पाणी रोज येत नाही, एक जीन्स धुवायला लागणाऱ्या पाण्यात तीन मलमलचे कुर्ते निघतात. हॉस्टेलवर हे जाणवत नाही, घरी आईला जाणवतं.

पैशांचं म्हणशील तर दोन्ही सलवारींचं आणि आखाजीचं कापड मिळून साडेनऊशे, स्लिपा तीनशे, ओढणी अडीचशे, फॉल-पिको सव्वाशेच्या आत. म्हणजे साधारण सोळाशे. उरलेले चारशे तुझ्याजवळ राहू दे. आखाजीनंतर आठ दिवसांनी संत सखाराम महाराजांचा रथ निघतो, बोरी नदीच्या वाळवंटात दुकानं लागतात, तिथे बांगड्या घे. शिलाई मी घेणार नाही, पण शिवूनही देणार नाही. मशीन माझं, हात तुझे. पहिला कुर्ता मी कापून देईन, दुसरा तू कापायचास.

बुधवारी ये, दुपारी नको, सकाळी आठला ये. कापड मंगळवारी रात्री भिजवून बुधवारी ओलसरच आण. निळा कुर्ता आणायला विसरू नकोस आणि त्याच्या शिवणी घरी उसवू नकोस, ब्लेडने कापड फाटतं. माझ्याकडे उसवणी आहे.

तुझी,
शिवणवाली मावशी