मुलगी लेझर फ्यूजनच करायचं म्हणतेय, काय करू?

ताई नमस्कार, पत्र वाचलं. मुलगी बारावी सायन्सला, कॅलिफोर्नियातल्या लेझर फ्यूजनने, म्हणजे लेझरच्या जोरावर हलके अणू एकत्र जुळवून ऊर्जा काढायच्या प्रयोगाने, पार झपाटलीय, जेईईचा क्लास सोडते म्हणतेय आणि मिस्टर विचारतायत यात नोकरी कुठाय.

आधी ती कशाच्या मागे लागलीय ते बघा, कारण ते खरंच जबरदस्त आहे. लिव्हरमोरच्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत १९२ लेझर बीम सेंटीमीटरभर लांबीच्या सोन्याच्या नळकांड्यात दोन्ही तोंडांनी सोडतात, आत एक्सरे तयार होतात, मधोमध मिरीच्या दाण्याहून लहान गोळी असते ज्यात ड्युटेरियम-ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचे दोन जड प्रकार, इंधन म्हणून गोठवलेलं असतं, एक्सरेने गोळीचं कवच बाहेर उडतं आणि त्याच्या उलट धक्क्याने इंधन सेकंदाला काही शे किलोमीटरच्या वेगाने आत चेपलं जातं. धरून ठेवायला चुंबक वगैरे काही नाही, ते विखरायच्या आत जळायला हवं, बस्स. ५ डिसेंबर २०२२ ला २.०५ मेगाज्यूल लेझर आत गेला आणि ३.१५ बाहेर आले. पण लेझर चालवायलाच साधारण ३०० मेगाज्यूल वीज लागली हेही तिला सांगा, म्हणजे वीज बनवणं अजून खूप लांब आहे, तिचं काम लॅबमधलंच असणार.

माझं स्पष्ट मत, फ्यूजन नावाची डिग्री शोधत बसू नका. तिने लेझर, ऑप्टिक्स, डिटेक्टर, सिम्युलेशन यातलं एक काहीतरी पक्कं शिकावं, फ्यूजन लांबलं तरी हे हुनर वाया जात नाही. मुंबईतच कलिन्याला सीईबीएस या विज्ञान संस्थेत बारावीनंतर पाच वर्षांचं इंटिग्रेटेड एमएस्सी आहे, त्याला नेस्ट ही वेगळी प्रवेश परीक्षा लागते, मेन्सच्या मार्कांवर नाही मिळत. कुलाब्याला टीआयएफआर या संशोधन संस्थेत हाय इंटेन्सिटी लेझरने प्लाझ्मावर, म्हणजे अतितप्त विद्युतभारित वायूवर, काम चालतं, इंदूरला आरआरकॅट ही लेझरवर काम करणारी सरकारी संस्था आहे. गांधीनगरची आयपीआर ही प्लाझ्मा संशोधन संस्था मुख्यतः टोकामॅकवाल्यांची, म्हणजे चुंबकाने इंधन धरून ठेवायचा मार्ग, तो फरक तिला कळू दे. नोकरीचं म्हणाल तर एमएस्सीनंतर बीएआरसी, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या, ट्रेनिंग स्कूलची परीक्षा देता येते. पीएचडी केली तर मात्र पंचविशी उलटून गेली तरी फेलोशिपवरच घर चालवायचं, ही गोष्ट मिस्टरांना आत्ताच सांगून टाका.

आणि एक, कॉलेजच्या लॅबमध्ये लेन्सची फोकल लेंग्थ काढताना पिन जुळवत, तेच रीडिंग परत परत घेत ती कंटाळते का रमते, ते तिलाच विचारा, कारण या क्षेत्रात दिवसचे दिवस आरसे आणि बीम जुळवण्यात जातात. क्लास सोडू देऊ नका, नेस्टचं फिजिक्स-मॅथ्स बरंचसं तेच आहे. दोन्ही परीक्षा देऊ दे, निकाल लागले की मला परत लिहा.